जुन्या एमजीबीच्या बुशी चौदा महिन्यांत फाटल्या. आता रबर की पीयू (पॉलियुरेथेन)?

जुनी_गिरणी · शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा आज पहिल्यांदा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी एमजीबी, इंग्लंडची स्पोर्ट्स कार, १९६७ची, उघडी, दोन माणसांची. मामांची. त्यांनी ती १९८४ साली मुंबईहून चालवत आणली आणि भिगवणला रेडिएटर उकळल्यावर रसवंतीवाल्याकडून बादलीभर पाणी मागून घेतलं, ही गोष्ट आमच्याकडे सत्यनारायणाच्या कथेसारखी दरवर्षी होते. मामा गेले, गाडी माझ्याकडे आली. महिन्यातून दोन रविवारी पहाटे तुळजापूर रोडला नेतो आणि ऊन चढायच्या आत परत.

दुखणं असं. होटगी रोडच्या गतिरोधकावरून कितीही हळू उतरलो तरी डाव्या पुढच्या चाकाकडून 'टक' असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. डाव्या टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं तर काचेसारखी लागते, बाहेरची कड मात्र नव्यासारखी.

आता खरी तक्रार. मागच्या वर्षी मे महिन्यात इथल्याच एका गॅरेजात पुढच्या खालच्या आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांच्या) चारही बुशी, म्हणजे सांध्यातले रबरी गोल तुकडे, नव्या टाकून घेतल्या. माल इंग्लंडचा, भाचा येताना खिशात घालून घेऊन आला. गाडी तेव्हापासून अडीच हजार किलोमीटरसुद्धा पळालेली नाही, आणि डावीकडच्या दोन्ही बुशींचं रबर फाटलंय. टॉर्च मारली की मधली लोखंडी नळी एका बाजूला कललेली दिसते. मामांच्या वेळच्या बुशी सतरा-अठरा वर्षं चालल्या होत्या.

तेव्हा परत रबरच टाकू की पीयू टाकून मोकळा होऊ?

होटगी_रोड · शनिवार, रात्री १०:२०

सोलापुरात चौदा महिने टिकल्या? पेढे वाट की बे.

पुणे_व्हाया_टेंभुर्णी · शनिवार, रात्री १०:४१

पीयू. विषय संपला.

माझ्या पॅलिओ १.६ ला तीन वर्षांपूर्वी पुढे चारही पीयू टाकल्या. आधी हायवेला ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात नाचायचं, आता हूं की चूं नाही. स्टिअरिंग एवढंसं हललं तरी चाक ऐकतं. दर दोन महिन्यांनी पुणे-सोलापूर होतं, म्हणजे रस्ता माहीत नाही असं म्हणू नका. रबर आजोबांच्या काळचं झालं.

आठवारी_पाणी · शनिवार, रात्री १०:५५

गाडीही आजोबांच्या काळचीच आहे हो.

केंटातला_सोलापुरी · रविवार, पहाटे ३:०५

माझ्याकडेही इथं इंग्लंडात एमजीबी आहे, १९७२ची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या गाडीला कारखान्यातून ज्या बुशी येत होत्या त्या अगदी साध्या. प्रत्येक आर्मला रबराचे दोन तुकडे, दोन्हीकडून आत ढकलायचे, मधून पिन. लोखंडी नळी वगैरे काही नाही. सगळं रबर हातानं बसतं, आणि लवकर चेपतंही. पुढं १९७३मध्ये एमजीबी जीटी व्ही८ आली, तिच्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं इंजिन. तिला अखंड बुश दिली, बाहेर नळी, आत नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर. ती साध्या एमजीबीच्या आर्ममध्येही तशीच बसते. त्यामुळं इकडं बहुतेक सगळे आता तीच टाकतात आणि तिला 'व्ही८ बुश' म्हणतात.

तुम्ही 'मधली लोखंडी नळी' म्हणताय म्हणजे व्ही८वालीच असणार. ती एवढ्यात फाटायला नको. इकडं पंधरा वर्षं सहज जाते, आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते वेगळंच.

सुटे भाग मिळतील का ही काळजी मात्र करू नका. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर गाड्या बनल्या. आजही अख्खी नवी बॉडी विकत मिळते, बुशीचं काय घेऊन बसलात.

जुनी_गिरणी · रविवार, सकाळी ७:३०

होय, व्ही८वालीच. पाकिटावर तसंच लिहिलं होतं.

नव्या बॉडीचं आमच्या घरात मोठ्यानं बोलू नका.

डेपोकाका · रविवार, सकाळी ८:०२

बुश फाटलेली दिसली म्हणजे दुखणं तिथंच संपलं असं नाही. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी पुढच्या चाकापाशी. आधी हे कर.

पुढचं डावं चाक जॅकवर घे. दोन्ही हातांनी वर-खाली धर, म्हणजे घड्याळातले बारा आणि सहा. हलव. खुळखुळ लागली तर पोराला ब्रेक दाबून ठेवायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर बेअरिंग. नाही गेली तर किंगपिन (ज्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती), नाहीतर बुश. कुठलं ते डोळ्यानं बघ, मध्ये बोट घालू नको.

एमजीबीला किंगपिन आहे आणि त्याला ग्रीसचे निपल आहेत. शेवटचं ग्रीस कधी मारलं? खरं सांग.

जुनी_गिरणी · रविवार, सकाळी १०:१५

काका, केलं. बारा-सहाला थोडी हालचाल आहे, ब्रेक दाबल्यावरही राहते. पण किंगपिन जागच्या जागी आहे. हलतोय तो अख्खा खालचा आर्म, बुशीपाशी मागं-पुढं. बारीक सब्बल लावून ढकललं तर दोन-तीन मिलिमीटर सरकतो.

ग्रीस मागच्या दिवाळीला मारलं. खरं सांगायचं तर मागच्याच्या मागच्या.

मी_त्यांची_बायको · रविवार, सकाळी १०:४०

ब्रेक पोरानं दाबला नाही, मी दाबला. पोहे गॅसवर ठेवून. नोंद असावी.

आणि 'थोडी हालचाल' म्हणजे काय ते त्या गाडीत डावीकडं बसून तुळजापूरला जाऊन या, मग कळेल.

होटगी_रोड · रविवार, सकाळी १०:४४

वहिनींना +१. पोह्यांचं काय झालं?

मी_त्यांची_बायको · रविवार, सकाळी १०:५०

खाली लागले.

पावरलूम_पोर · रविवार, दुपारी १२:२०

एक गावठी उपाय. आमच्या मागांना पिकर, बफर, बुशी, सगळं लागतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत साचा करून रबर ओतून देणारे आहेत, नायलॉनची कांडी दिली तर लेथवर पंधरा मिनिटांत बुश खरादून देणारेही आहेत. चुलत्यांच्या जीपला पाट्याच्या बुशी नायलॉनच्या केल्या होत्या. खर्च म्हणाल तर चार जणांच्या भेळीएवढा. इंग्लंडहून कशाला मागवायलाय?

डेपोकाका · रविवार, दुपारी १२:३५

मग ती जीप कुठाय आता?

पावरलूम_पोर · रविवार, दुपारी १२:४१

विकली. चेसीला पाटा जिथं अडकतो तो ब्रॅकेट चिरला होता.

पण ते नायलॉनमुळं असं कुणी म्हटलं नाही!

डेपोकाका · रविवार, दुपारी १२:४४

मी म्हणतो.

निओप्रीन · रविवार, दुपारी ३:१०

मी रबराच्या कारखान्यात सोळा वर्षं काढली आहेत, त्यामुळे इथे बोलायचा हक्क आहे असं समजते.

पावरलूम_पोर, तुमच्या एमआयडीसीतले साचेवाले हुशार आहेत, वाद नाही. मागाचा बफर फक्त दाबला जातो, त्याला नुसतं रबर पुरतं. पण व्ही८ बुशीत रबर लोखंडाला चिकटलेलं असावं लागतं. नळी आधी खरबरीत करायची, तेलाचा अंश राहू द्यायचा नाही, तिच्यावर चिकटद्रव्याचे थर द्यायचे आणि मग साच्यात रबराबरोबर दाबाखाली भाजायचं. तेव्हा ते चिकटतं. बोटाचा ठसा उमटला तरी तेवढ्या जागी सुटू शकतं. नुसतं रबर ओतून मध्ये नळी ठोकली तर दिसायला तशीच बुश होईल, पहिल्या महिन्यात नळी आत गोल फिरायला लागेल.

आता रबर की पीयू. सस्पेन्शनच्या रबराचा कडकपणा साधारण ६०-७० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) असतो, रस्त्यावरच्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या पीयूचा ८० ते ९५. पण कडकपणा ही दुय्यम गोष्ट. दोघांची काम करायची रीतच वेगळी आहे. चिकटवलेली रबरी बुश फिरत नाही, पिळली जाते. आतली नळी नटाखाली घट्ट, बाहेरची आर्ममध्ये घट्ट, चाक वर-खाली झालं की मधलं रबर पीळ खातं आणि सोडतं. कुठेही घासत नाही, म्हणून ग्रीस लागत नाही. पीयू मात्र आतल्या नळीभोवती घासत फिरते. तिला ग्रीस हवंच, तेही सिलिकोनचं. ते सुकलं की ती ओरडते.

धागाकर्त्यांना एक प्रश्न: फाटलेल्या बुशीवर तेल आहे का? नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं, मऊ होतं.

पुणे_व्हाया_टेंभुर्णी · रविवार, दुपारी ३:३२

निओप्रीनताई, थिअरी मान्य. पण माझ्या तीन वर्षांत ओरडल्या नाहीत.

आठवारी_पाणी · रविवार, दुपारी ३:४०

मागच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, तुमच्या गाडीत बसून होम मैदानापर्यंत आलो होतो. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला जमलेली माणसं वळून गाडीकडं बघत होती. मला वाटलं पॅलिओचं कौतुक आहे. नंतर कळलं, कुईंकुईं चाललं होतं.

पुणे_व्हाया_टेंभुर्णी · रविवार, दुपारी ३:४३

तो फॅनबेल्ट होता.

आठवारी_पाणी · रविवार, दुपारी ३:४४

गतिरोधकावर वाजणारा फॅनबेल्ट. बरं.

जुनी_गिरणी · रविवार, सायंकाळी ६:०५

निओप्रीनताई, मुद्द्याचं विचारलंत. या गाडीला नळकांड्यासारखा शॉकअप नसतो. वर लोखंडी डबी असते, तिच्यातून दांडा बाहेर येतो आणि तोच दांडा वरचा आर्म म्हणून काम करतो. डाव्या डबीतून तेल पाझरतंय, क्रॉसमेंबर ओला आहे. खाली बुशीवर ओघळलं असेल का? पुसून बघितलं तर धूळ आणि तेलाचा थर होता खरा. आमच्याकडं उन्हाळ्यात ४३-४४ तापमान, पत्र्याचं शेड, त्यात हे तेल. म्हणजे रबर गेलं ते यामुळंच?

तसं असेल तर पीयूच बरी, नाही का?

केंटातला_सोलापुरी · रविवार, सायंकाळी ६:५०

शक्य आहे. दुसरीही शक्यता सांगतो. हल्ली जुन्या गाड्यांसाठी येणारं रबर सगळंच चांगलं नसतं. पाकीट तेच, आतला माल वेगळा. इकडेही लोक बोंबलतात.

सोलापूर_एक्सप्रेस · रविवार, रात्री ८:१५

जरा अवांतर. अलाइनमेंट कुठे करून घेता? माझ्या ओळखीत एकाची जुनी फियाट आहे, मशिनवाल्याच्या यादीत ती गाडीच नव्हती.

जुनी_गिरणी · रविवार, रात्री ८:३०

यादीत एमजी होती, पण हल्लीच्या मोठ्या एसयूव्हीवाली. पोरगा म्हणाला, "काका, जवळचं काय टाकू?" मी म्हणालो, अँबॅसिडर टाक. रिपोर्टवर अँबॅसिडर छापून आलंय, फाइलला लावून ठेवलाय.

डेपोकाका · रविवार, रात्री ८:५२

अँबॅसिडर अगदीच परकी नाही. दोन्हींचं इंजिन एकाच घराण्यातलं, बी-सिरीज. हिचं १७९८ सीसी, अँबॅसिडरचं बरीच वर्षं १४८९. म्हणून जुन्या अँबॅसिडरवाल्या मिस्त्र्याचा हात या गाडीला पटकन बसतो. आता तसे मिस्त्री राहिले किती? आणि पुढची चाकं बघायची तर मशिन कशाला? एमजीबीच्या पुढच्या चाकांत बदलता येतं ते फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकं पुढून किती आत वळलेली ते. दोरी, चार विटा आणि पट्टी. एक सोळांश ते तीन बत्तिसांश इंच आत.

इंचावरून आठवलं. या गाडीचे नट इंची आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर १३चा गोटी पाना बसतो असं वाटतं. बसत नाही, कोपरे खातो. तुझ्या नटांचे कोपरे बघ, गॅरेजवाल्याचा स्वभाव कळेल.

जुनी_गिरणी · रविवार, रात्री ९:१०

काका, तुम्ही गाडी न बघता सांगताय. दोन नटांचे कोपरे गोल झालेत.

डेपोकाका · रविवार, रात्री ९:१४

हं.

बरं, आता एक सांग. बुशी कसल्या तेव्हा गाडी कुठं होती?

जुनी_गिरणी · रविवार, रात्री ९:१६

गॅरेजमध्ये.

डेपोकाका · रविवार, रात्री ९:१७

गॅरेजमध्ये नव्हे बे. चाकांवर होती का स्टँडवर? चाकं लोंबकळत होती का जमिनीला टेकलेली?

जुनी_गिरणी · रविवार, रात्री ९:२५

मी समोर नव्हतो. विचारून सांगतो. याचा काय संबंध?

निओप्रीन · रविवार, रात्री ९:४८

अरे देवा. हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारायला हवा होता, आणि तेलाच्या मागे लागले.

संबंध असा. सोलापुरी चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळतात ना, तशी कल्पना करा. चादर सरळ असताना दोघांनी टोकं पक्की धरली, तर एकाला डावीकडे थोडं आणि उजवीकडे थोडं वळता येतं, चादरीला त्रास नाही. आता आधी अर्धा पीळ देऊन ठेवा आणि मग तेवढंच वळा. एका बाजूला पीळ सुटेल, दुसऱ्या बाजूला धागे कडकड वाजतील.

बुशीत नट कसला की आतली नळी पिनेवर जखडते. ज्या कोनात जखडली तो त्या रबराचा 'आराम'. गाडी स्टँडवर असताना चाक लोंबकळतं, आर्म खाली झुकलेला असतो. तिथे नट कसला तर रबराला वाटतं हीच माझी सरळ जागा. मग गाडी खाली उतरवली, वजन आलं, आर्म वर गेला, रबराला पीळ पडला. गाडी उभी आहे तरी पीळ, शेडमध्ये महिनाभर झाकून ठेवली तरी पीळ. त्यावर खड्डा आला की आणखी पीळ. गाडी किती किलोमीटर पळाली याला मग अर्थच राहत नाही.

पुणे_व्हाया_टेंभुर्णी · रविवार, रात्री १०:०२

म्हणजे माझंच बरोबर! पीयू फिरते, तिला पीळ पडत नाही. कुठेही कसा, हवेत कसा.

निओप्रीन · रविवार, रात्री १०:१०

हे मात्र खरं. या एका बाबतीत पीयू माफ करते. बदल्यात वर्षा-दोन वर्षांनी खोलून ग्रीस करा, आणि सोलापूरची धूळ त्या ग्रीसमध्ये गेली की पॉलिश पेपर तयार. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीसाठी मी रबरच म्हणेन. तुमच्या रोजच्या धावणाऱ्या पॅलिओला तुम्ही केलंत ते चूक आहे असं मी म्हटलेलं नाही.

पुणे_व्हाया_टेंभुर्णी · रविवार, रात्री १०:१२

स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

जुनी_गिरणी · सोमवार, दुपारी १:४०

गॅरेजात जाऊन आलो. मिस्त्री चांगला माणूस आहे, चिडला वगैरे नाही. म्हणाला, "स्टँडवर घेतली, चाकं काढली, बुशी प्रेसवर बसवल्या, तिथंच कसून टाकलं. गाडी खाली घेतल्यावर तिच्या पोटाखाली हातसुद्धा जात नाही, पाना कुठून घालू? आम्ही सगळ्याच गाड्यांचं असं करतो." उतरवल्यावर परत ढिलं करून कसायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मलाही नव्हतं.

पण काका, एक शंका. दोन्ही बाजू त्यानं एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं कसल्या. मग डावीकडच्याच का फाटल्या?

डेपोकाका · सोमवार, दुपारी २:२०

डावं चाक रस्त्याच्या कडेनं चालतं. कडेला काय असतं सोलापुरात ते मी सांगायची गरज नाही. उजवीच्याही त्याच वाटेवर असतील, एवढंच.

तपासायचं असेल तर सोपं आहे. आपल्या भागात जुन्या ट्रकवाल्याकडं सर्व्हिसिंगचा खड्डा आहे. गाडी खड्ड्यावर घे, चारही चाकं जमिनीवर. उजव्या चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घे, लिहून ठेव. मग खाली उतरून उजवीकडचे दोन्ही नट ढिले कर. काढू नको, ढिले. स्प्रिंगला हात लावायचा नाही. वर ये, बॉनेट दोनदा दाबून सोड, परत माप घे. मी येतो पाहिजे तर. सकाळी ये, दुपारी त्या खड्ड्यात भट्टी होते.

केंटातला_सोलापुरी · सोमवार, दुपारी ४:३०

काकांनी स्प्रिंगचं म्हटलं ते ठळक अक्षरांत वाचा. नट ढिले करणं वेगळं आणि बुश बदलणं वेगळं. बदलायला खालचा आर्म सोडावा लागतो, आणि त्याच्यावर दाबलेली कॉइल स्प्रिंग बसलेली असते. स्प्रिंगच्या खालच्या थाळीला जॅक लावल्याशिवाय वरची पिन काढायची नाही, आणि नंतर जॅक हळूहळू उतरवायचा. समोर तोंड करून बसायचं नाही. माझ्या एका शेजाऱ्याची स्प्रिंग गॅरेजच्या दारातून बाहेर गेली. दार बंद होतं.

जुनी_गिरणी · बुधवार, सकाळी ११:५५

आज सकाळी सातला काका स्वतः आले. पायजमा, बनियन आणि हातात स्वतःचे इंची पाने, जुन्या एसटीच्या तिकिटपेटीत ठेवलेले. खड्डेवाला गाडीकडे बघून म्हणाला, "हिला खड्डा कशाला, उचलून घ्या की हातात."

उजवं चाक, आधी ३६८ मिलिमीटर. नट सोडायला काकांनी पान्याला दोन फुटी पाइप लावला. पहिला नट 'कट' करून सुटला आणि आतली नळी डोळ्यांसमोर फिरली. मी टॉर्च धरून होतो, प्रत्यक्ष बघितली. नटाला हातसुद्धा नव्हता, पाना बाजूला होता, आणि नळी घड्याळाच्या काट्यासारखी फिरून थांबली. दुसरा सोडला, तीही तशीच. वर येऊन बॉनेट दाबलं. माप ३६०.

आठ मिलिमीटर गाडी त्या रबराच्या पिळावर उभी होती. आता आठवतंय, काम झाल्यावर मीच कौतुकानं म्हणालो होतो, नव्या बुशींनी गाडी जरा उचलल्यासारखी दिसते.

मग डावा आर्म सोडून फाटलेल्या बुशी जवळून बघितल्या, स्प्रिंगला जॅक लावूनच. निओप्रीनताई, रबर फुगलेलं नाही, चिकट नाही, नखानं दाबलं तर कडक लागतं. दोन्ही बुशींची चीर गोलाकार, एकाच दिशेनं, नळीच्या भोवती अर्धा फेरा. तेल वरवरच होतं.

निओप्रीन · बुधवार, दुपारी १२:३०

मग तेल निर्दोष सुटलं. तेलानं गेली असती तर बोटाला काळं, लिबलिबीत लागलं असतं. ही पिळानं गेली. ती डबी मात्र दुरुस्त करून घ्या, पुढच्या वेळी तेलही गुन्हेगार होऊ शकतं.

उजव्या अजून फाटल्या नसतील तर आत्ता सरळ कोनात कसून चालतील, पण चौदा महिने पीळ सोसलाय. मी असते तर चारही बदलल्या असत्या.

पुणे_व्हाया_टेंभुर्णी · बुधवार, दुपारी १२:४५

पीयू असती तर हे झालंच नसतं. एवढं बोलून थांबतो.

होटगी_रोड · बुधवार, दुपारी १२:४७

थांबलास तर गावभर पेढे वाटीन.

पावरलूम_पोर · बुधवार, दुपारी १:१५

घरी चुलत्यांना चादरीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, मागावर ताण्याचंही तेच, आधीच ताणून ठेवला तर ठोक्याला तुटणारच. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं म्हणे, फक्त जीपला लागू आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जुनी_गिरणी · पंधरा दिवसांनी, रविवार, सकाळी ९:२०

चारही बुशी आल्या. कस्टमचा आकडा बुशींपेक्षा मोठा, तो घरात सांगितलेला नाही.

जुन्या काढायला त्याच मिस्त्र्याकडे गेलो. बाहेरची नळी आर्ममध्ये गंजून बसली होती, हॅक्सॉच्या पात्यानं आतून एक उभी चीर दिली तेव्हा प्रेसवर सरकली. आर्मला पात्याचा ओरखडा येऊ नये म्हणून तो दर चार घासांनी थांबून बोटानं बघत होता. नव्या बसवल्या, नट नुसते हातानं लावले, गाडी उतरवली आणि तशीच ढकलत खड्ड्यावर नेली. बॉनेट दाबून गाडी बसती केली, मग मिस्त्री स्वतः खाली उतरला आणि कसलं. वर येऊन म्हणाला, पुढच्या गाडीपासून असंच करतो, खड्ड्याचे पैसे गिऱ्हाइकाला सांगावे लागतील.

आज पहाटे तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन आलो. टक गेला. ब्रेक सरळ लागतो. डावीकडं बसलेल्या व्यक्तीनं परतीच्या वाटेवर डुलकी काढली, हे मी सर्टिफिकेट समजतो.

मी_त्यांची_बायको · रविवार, सकाळी ९:४१

डुलकी नव्हती, डोळे मिटून देवीचं नाव घेत होते. पण आवाज गेलाय, हे खरं.

कस्टमचा आकडा किती?

डेपोकाका · रविवार, सकाळी ९:५०

छान. कसून झाल्यावर नटाची खाच आणि पिनेचं भोक एका रेषेत आणलंस का? रेषेत येत नसेल तर नट पुढं कसायचा, मागं सोडायचा नाही. आणि स्प्लिट पिना नव्या घातल्यास ना, चारही?

जुनी_गिरणी · रविवार, सकाळी ९:५८

पिना माझ्या शर्टाच्या खिशात आहेत.

गाडी काढत नाही आता. पाने घेऊन खाली चाललो.